बिनमिठाचं ताट

"हे काय हाय?" हिंदुराव पैलवानांनी विचारलं.

"आमटी," मी म्हणालो.

त्यांनी वाटीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटून बसले. ओळखीचा माणूस समोर यावा आणि नाव आठवू नये, तसा चेहरा झाला होता. मग डोळे उघडून त्यांनी वाटी माझ्यापुढं धरली.

"तिला कुणी सांगितलंया का, तू आमटी हाईस म्हणून?"

सगळी पंगत हसली. माझ्या शेजारी मुग्धा खांबेटे उभी होती, ती तेवढी हसली नाही. आमटी शिजवली होती आमच्या स्वयंपाकीण मालूताईंनी, पण तिचा जन्म मुग्धाच्या वहीत झाला होता. तूरडाळ इतकी, तेल इतकं, मिरची नावापुरती आणि मीठ इतकं कमी की ते घातलं होतं यावर विश्वास ठेवावा लागे.

गोष्ट गडहिंग्लजची. आता दहा-बारा वर्षं होऊन गेली. गावात आमच्या संस्थेचं एक भोजनकेंद्र होतं. ज्यांच्या घरी करून घालणारं कुणी नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, अशी म्हातारी माणसं दुपारी तिथं जेवायला यायची. मी तिथला व्यवस्थापक, सुकुमार मगदूम. व्यवस्थापक हा शब्द ऐकायला भारी आहे. संस्थेत पगारी पुरुष मी एकटाच, त्यामुळं गळक्या नळापासून पाहुण्यांच्या हारापर्यंत सगळ्याचं व्यवस्थापन माझ्याकडं आलं होतं. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब शिंत्रे. गुळाचे मोठे व्यापारी. आयुष्यभर लोकांना गूळ विकून झाल्यावर त्यांना लोकांच्या तब्येतीची काळजी वाटू लागली होती.

त्याआधी आमच्याकडं मानकं वगैरे नव्हती. गावात कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध असलं की बुंदी, कुणी निवडून आलं की जिलेबी, आणि कुणी पडलं की त्या आठवड्यात नुसती खिचडी. म्हातारी माणसं वर्तमानपत्र न वाचता ताटावरून राजकारण ओळखायची. मग पुण्याच्या एका बड्या प्रतिष्ठाननं आम्हाला अनुदान द्यायचं कबूल केलं. अट एकच, जेवण त्यांच्या पोषण मानकांप्रमाणं असलं पाहिजे. मानकांचं पुस्तक आलं, ते आमच्या गावच्या विवाह नोंदणीच्या रजिस्टरापेक्षा जाड होतं. त्यात प्रथिनं होती, तंतू होते, जीवनसत्त्वं होती. ताटाचं रंगीत चित्र होतं, त्याचे निरनिराळे भाग पाडलेले. त्या चित्रात जेवणारा माणूस मात्र कुठं दिसत नव्हता. बहुधा त्याला जागा उरली नसावी.

पुस्तकामागोमाग सहा महिन्यांसाठी मुग्धा आली. आहारतज्ज्ञ, पुण्याची, शिक्षण नुकतंच संपलेलं. तिच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. जे ती म्हाताऱ्यांना खायला लावायची तेच स्वतः खायची, पंगतीत बसून, आणि तोंड वाकडं न करता. आदल्या वर्षी आमच्या पंगतीतली दोन माणसं अर्धांगानं अंथरुणाला खिळली होती. निम्म्या पंगतीला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्या गोळ्या ही माणसं खाराच्या मिरचीबरोबर घ्यायची. त्यामुळं मुग्धाचं चुकत होतं असं मला म्हणता येत नाही. फक्त ती बरोबर होती, हे कुणालाच आवडत नव्हतं.

दादासाहेबांनी उद्घाटनाला पहिलं ताट चाखलं. चमचाभर मटकी तोंडात घातली, "उत्तम" म्हणाले, आणि घरी गेले. रविवार होता. त्यांच्या घरी रविवारी काय शिजतं, ते आमच्या गल्लीपर्यंत वासानं कळत असे.

आमटीच्या त्या प्रसंगानंतर पैलवानांनी ताट पुढं सरकवलं आणि हात जोडले.

"अन्नावर माझा राग न्हाई," ते म्हणाले. "पर मीठ येईस्तवर मी ह्या पंगतीत घास घेणार न्हाई."

"आजोबा, तुमचा रक्तदाब किती आहे माहीत आहे का?" मुग्धानं विचारलं.

"मला एवढंच ठाव हाय पोरी, की बिनमिठाचं आजाऱ्याला घालत्यात आणि सुतकात घालत्यात. मी आजारी न्हाई. तुमच्यात कोण गेलंय काय?"

हिंदुराव रेडेकर एकेकाळी आमच्या भागातले नावाजलेले मल्ल. लग्न केलं नाही, शेती भावांनी घेतली, आणि म्हातारपणी ते तालमीतल्याच एका खोलीत राहायचे. संध्याकाळी तालमीतली पोरं त्यांना तांब्याभर दूध द्यायची. बाकी पोटाला आधार आमच्या पंगतीचाच. म्हणजे मिठासाठी ते पणाला लावत होते ते काही चैनीचं जेवण नव्हतं.

दुसऱ्या दिवशीपासून ते रोज यायचे. पंगतीत बसायचे, ताट वाढून घ्यायचे, हात जोडायचे आणि सगळ्यांचं होईपर्यंत ताठ बसून राहायचे. वाढलेलं ताट तसंच परत जायचं. कुस्ती चितपट होत नाही तोवर आखाडा सोडायचा नाही, हा त्यांचा जुना नेम होता, आणि मिठालाही त्यांनी तोच लावला.

त्यांच्या या सत्याग्रहामुळं पंगतीत वीरश्री संचारली. पण बाकीच्यांची वीरश्री वेगळ्या वाटेनं गेली. कुणी कनवटीला लसणाची चटणी आणू लागलं, कुणी टोपीत मिरचीचा खर्डा. गुंडू तेली नावाचा एक निवृत्त टपालवाला चष्म्याच्या डबीतून लोणच्याची फोड आणायचा. मुग्धाला ते कळलं आणि ती दारातच उभी राहू लागली. देवळाबाहेर चपला काढाव्यात तशा आमच्या दारात चटणीच्या पुड्या आणि लोणच्याच्या बाटल्या निघायच्या. त्या मी कपाटात ठेवायचो आणि जाताना ज्याच्या त्याला परत द्यायचो. माझ्या अधिकारात आता सीमाशुल्क खातंही आलं.

एवढ्या सगळ्या बंडखोरांत एकच माणूस मुग्धाच्या बाजूचं होतं. बाळाबाई मांगले. सगळे तिला बाळाक्का म्हणायचे. लहानखुरी, काळीसावळी, दातांची निम्मी पंगत उठून गेलेली. नवरा वारून वीस वर्षं झाली होती. ती कधी तक्रार करायची नाही, चटणी आणायची नाही आणि तिचं ताट रोज धुतल्यासारखं लख्ख असायचं.

"आजी, आवडलं का?" मुग्धा विचारायची.

"जेवलो की," बाळाक्का म्हणायची. आमच्याकडं बायकाही 'जेवलो' आणि 'आलो'च म्हणतात. मुग्धाला पहिल्या आठवड्यात ते समजायला जड गेलं. मानकांत ती तरतूद नव्हती.

प्रतिष्ठानला असं एखादं माणूस हवंच होतं. बाळाक्काचा फोटो काढला, मोठा फलक करून दारात लावला. 'आदर्श लाभार्थी. माझं ताट, माझं आरोग्य.' फोटोत तिच्या हातात रिकामं ताट होतं. खेडेगावात कुणी रिकामं ताट दाखवून आरोग्य साजरं करत नाही, पण फलक पुण्याहून छापून आला होता.

मग वजनं झाली. मुग्धा दर महिन्याला सगळ्यांना काट्यावर उभं करायची. त्या दिवशी तिनं मला हाक मारली.

"मगदूम, हा काटा बिघडलाय."

मी वर उभा राहिलो. काट्यानं माझं जे वजन सांगितलं ते मला मान्य नव्हतं, पण खरं होतं.

"मग हे कसं शक्य आहे?" ती म्हणाली. "रेडेकर आजोबा महिनाभर जेवलेले नाहीत. त्यांचं वजन जिथल्या तिथं. आणि बाळाबाई रोज पूर्ण ताट खातात, त्यांचं साडेतीन किलोनं उतरलंय."

"पैलवानांची हाडं जुन्या काळची आहेत, मॅडम."

"हाडं जेवत नाहीत," ती म्हणाली, आणि बाळाक्काला जंताची गोळी, लोहाची गोळी आणि आणखी दोन गोळ्या लिहून दिल्या. बाळाक्कानं त्याही निमूट घेतल्या. आदर्श लाभार्थी होती ती.

एका दुपारी पाण्याच्या टाकीची मोटर बंद पडली म्हणून मी इमारतीच्या मागं गेलो. तिथं शेवग्याखाली दगडावर हिंदुराव बसले होते. समोर बाळाक्का. तिनं पदराची गाठ सोडली, त्यातून भाकरी काढली. भाकरीच्या पापुद्र्यात मटकी भरलेली होती. मग कमरेची चंची उघडून तिनं मिठाची पुडी काढली आणि मटकीवर मीठ भुरभुरलं. पैलवान खाली मान घालून खात होते.

मला बघून ते दचकले नाहीत. तोंडातला घास गिळला आणि म्हणाले, "पंगतीत घास घेणार न्हाई म्हणालो हुतो. ही पंगत न्हवं. आणि ह्यात मीठ हाय."

कायद्याच्या दृष्टीनं त्यांची बाजू भक्कम होती. मला हसू आलं, आणि मी मोटरीकडं वळलो. मानकांच्या पुस्तकाच्या शेवटी एक नियम होता, की जेवण केंद्राबाहेर नेणाऱ्या लाभार्थीचं नाव कमी करावं. इमारतीची मागची बाजू केंद्राच्या आत की बाहेर, याचा मी फार खोलात विचार केला नाही.

पैलवान गेल्यावर मी बाळाक्काला गाठलं.

"तुझं तू खात न्हाईस व्हय?"

"मला एवढं जात न्हाई."

"वजन उतरलंय तुझं. मॅडम रोज काळजी करतेय."

"वय झालं आता. वजन घिऊन कुठं जायाचं हाय?"

"पण पैलवानांनाच का?"

तिनं चंचीची दोरी ओढली. "भूक लागती त्येला," एवढंच म्हणाली आणि गेली.

त्यात आणखी एक आठवडा गेला. प्रतिष्ठानची पाहणी समिती यायची तारीख ठरली. अनुदान पुढं चालू राहणार की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं, आणि अनुदान गेलं तर केंद्र बंद होणार हे उघड होतं. दादासाहेबांनी मला पेढीवर बोलावून घेतलं.

"त्या पैलवानाला त्या दिवशी कुठंतरी धाडा," ते म्हणाले.

"कुठं धाडू?"

"देवाला धाडा. जोतिबाला, नरसोबाला, कुठं पण. गाडीभाडं मी देतो. समितीसमोर हात जोडून बसला तर आपल्याला सगळ्यांनाच हात जोडावे लागतील."

समिती येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाळाक्का आमच्या दारातच कोसळली. तिच्याच फलकाखाली. मुग्धा धावली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी रिक्षा आणली. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पोटात काही नाही हिच्या. घरी काय खाते?"

ते मलाही माहीत नव्हतं, म्हणून मी तिच्या घरी गेलो. शेजारणीनं सांगितलं, की मुलगा-सून वर्षापूर्वी इचलकरंजीला कामाला गेली, ती परत आलीच नाहीत. घरात चूल पेटत नाही. "दुपारी तुमच्यात जेवती ना, त्यावर काढती दिवस," शेजारीण म्हणाली.

म्हणजे आमचं ते ताट तिचं दिवसातलं एकमेव जेवण होतं. आणि त्यातलं निम्म्याहून जास्त शेवग्याखाली जात होतं.

मी तसाच तालमीत गेलो. पोरं मेहनत करून गेली होती. पैलवान कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून माती चाळत होते. दादासाहेबांचं गाडीभाडं माझ्या खिशात होतं. ते काढायचं सोडून मी त्यांना बाळाक्काचं सगळं सांगितलं.

बराच वेळ त्यांनी चाळण थांबवली नाही.

"मला म्हणाली, सून रातीला ताट वाढून वाट बघती," ते शेवटी म्हणाले. "दुपारचं जात न्हाई म्हणाली."

"सून न्हाई तिथं."

"मी आणू नगं म्हणलो, तर थांबंल?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"न्हाई थांबायची." त्यांनी चाळण खाली ठेवली. "मी उपाशी हाय तवर न्हाई थांबायची."

"पैलवान, उद्या समिती आहे. दादासाहेब म्हणत होते, तुम्ही देवाला..."

"उद्या बाळी येणार हाय जेवायला?"

"डॉक्टर आज संध्याकाळी सोडणार आहेत. ती येणारच."

"मग मी बी येतो," ते म्हणाले आणि पुन्हा माती चाळू लागले. मी खिशातले पैसे दादासाहेबांना परत नेऊन दिले आणि सांगितलं, की देव भेटायला तयार नाही.

समिती आली. प्रमुख होते डॉ. पारसनीस, बरोबर आणखी तिघं आणि एक छायाचित्रकार. त्यांच्या जेवणाची सोय दादासाहेबांनी संकेश्वर रस्त्यावरच्या हॉटेलात केली होती, कारण पाहणी करून भूक लागते. त्यांनी स्वयंपाकघर बघितलं, मीठ ठेवायची बरणी बघितली, ती आजवर इतकी भरलेली कुणी पाहिली नसेल. प्रत्येकानं चमचाभर आमटी चाखली आणि प्रत्येक जण "उत्तम" म्हणाला. हा शब्द प्रतिष्ठानकडूनच ठरवून येत असावा.

मग पंगत बसली. पैलवान धुतलेला पटका बांधून आले होते. रोजची जागा सोडून ते बाळाक्काच्या समोर बसले. दादासाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, की माझ्या नोकरीचंही ताट उचललं जाणार हे मला कळलं. सगळी पंगत हात ताटावर ठेवून थांबली होती. गुंडू तेलीच्या डोळ्यांत तर कुस्तीच्या मैदानात पहिल्या रांगेत जागा मिळाल्याचा आनंद होता. आज पैलवान पुणेकरांना आडवं करणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

पैलवानांनी हात जोडले.

मग ते सोडले, भाकरी मोडली, आमटीत कुस्करली आणि पहिला घास तोंडात घातला.

ते सावकाश खात होते, एकेक घास पुरता चावून. मटकी संपवली. पालेभाजी संपवली. बिनमिठाचं ताक एका दमात प्यायले. वाटीतली आमटी बोटानं पुसून घेतली. म्हातारपणी माणसाला घाम लवकर येत नाही, पण त्यांच्या कपाळावर तो आला होता.

डॉ. पारसनीस खूश होऊन जवळ आले. "काय आजोबा, कसं आहे जेवण?"

"चांगलं हाय," पैलवान म्हणाले.

"मीठ कमी वाटत नाही ना?"

"सवय झाली."

छायाचित्रकारानं फोटो घेतला. मागच्या रांगेतून कुणीतरी हलकेच म्हणालं, "फुटला." तो शब्द पंगतभर फिरला. गुंडू तेलीनं चष्म्याची डबी बंद केली आणि तोंड फिरवलं. पैलवानांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ते समोर बघत होते. बाळाक्काचा हात भाकरी घेऊन पदराकडं निघाला होता, तो तिथंच थांबला होता.

"जेव की आता," ते तिला म्हणाले.

बाळाक्कानं भाकरी ताटात ठेवली आणि मोडली. मी आजवर तिला जेवताना बघितलं होतं असं मला वाटत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

अनुदान मिळालं. अहवालात हिंदुराव रेडेकरांवर एक अख्खं पान होतं, त्याला 'वर्तनबदलाची यशोगाथा' असं नाव दिलेलं. दारातला बाळाक्काचा फलक उतरला आणि पैलवानांचा चढला. 'मी बदललो, तुम्हीही बदला.' दादासाहेब जाता-येता फलकाकडं बघून समाधानानं मान हलवायचे आणि म्हणायचे, बघा, विज्ञानापुढं पैलवान पण वाकतो.

गावानं मात्र वेगळा अहवाल लिहिला. दादासाहेबांनी पैलवानाला पैसे चारले, कुणी म्हणालं वर्षाचं दूध लावून दिलं. तालमीतली पोरं त्यांच्या पाठीमागं 'बिनमिठाचा पैलवान' म्हणू लागली. गुंडू तेली त्यांच्या शेजारी बसेना झाला. मी एकदा न राहवून त्यांना म्हणालो, "पैलवान, खरं काय ते सांगून टाका एकदा. निदान गुंडूला तरी."

"माणसं कुस्ती लांबनं बघत्यात, सुकुमार," ते म्हणाले. "आत काय चाललंय ते लढणाऱ्या दोघांस्नीच ठाव असतंय. आणि तिचं घरचं गावात सांगत फिरू व्हय मी?"

मुग्धानं त्याच दिवशी, समितीची गाडी गेल्यावर, मला विचारलं होतं. "त्यांनी का खाल्लं?"

"तुमची मानकं पटली असतील," मी म्हणालो. खरं सांगावं तर बाळाक्काचं नाव कमी करायचा नियम पुस्तकात होताच.

ती माझ्याकडं बघत राहिली. "मगदूम, मी पुण्याची आहे. मूर्ख नाही."

पुढच्या आठवड्यात तिनं प्रतिष्ठानला पत्र पाठवलं, की एकट्या राहणाऱ्या लाभार्थींना 'सायंकालीन पूरक आहार' देणं आवश्यक आहे, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी असावी, प्रथिनांसाठी. साध्या भाषेत सांगायचं, तर संध्याकाळसाठी दोन भाकऱ्या आणि चटणी घरी न्यायची परवानगी. नाव भारदस्त असल्यानं ते लगेच मंजूर झालं. चटणीत मीठ किती, ते पत्रात लिहायचं ती विसरली. एरवी ती काहीच विसरायची नाही. सहा महिने पुरे झाल्यावर ती परत गेली. जाताना बाळाक्काच्या पाया पडली. बाळाक्काचं वजन तोवर भरून निघालं होतं. मुग्धा पाया का पडली ते तिला काही कळलं नाही, ती आपली म्हणाली, "सुखानं ऱ्हा पोरी, आणि जरा मीठ खा."

पैलवान त्यानंतर दोन वर्षांनी गेले. शेवटपर्यंत पंगतीत येत होते, ताट पुसून उठत होते.

तालमीत शोकसभा झाली. दादासाहेब अध्यक्ष. त्यांनी पैलवानांच्या आहारविषयक जागरूकतेचा गौरव केला. मग जुनी माणसं एकेक करून उठली आणि कुस्त्यांच्या आठवणी सांगू लागली. कुठल्या जत्रेत कुणाला घिस्सा डाव मारला, कुणाला पोकळ घिस्स्यावर उडवला, कुठं फेटे उडाले. शेवटी गुंडू तेली उठला. चांगलं बोलला, आणि बोलता बोलता म्हणून गेला, "म्हातारपणी जरा वाकला, पण त्ये जाऊ द्या."

मी मागं भिंतीला टेकून बसलो होतो. शेजारी बाळाक्का. तालमीत बायका येत नाहीत, पण तिला कुणी अडवलं नव्हतं.

"ऐकलंस?" मी म्हणालो.

"ऐकलं की."

"तू सांगायचंस त्यांना."

पुढं कुणीतरी कागलच्या मैदानाची गोष्ट सांगत होतं. ती कान देऊन ऐकत होती. मग माझ्याकडं न बघताच बोलू लागली.

"माझ्या मालकाला कुस्तीचं लई येड. हिंदुरावाची कुस्ती असली की पायी जायाचं बघायला. ह्येनं गडी पाडला की मालक रातीला हसत घरला यायचं. पोरास्नी शेव-चिरमुरं आणायचं. मला बसवून समदी कुस्ती सांगायचं, कसा धरला, कसा टाकला. आठ-पंधरा दिस घरात आवाज चढायचा न्हाई." ती थांबली. "एरवी रोजचंच हुतं. दारू आणि मार. कुस्तीच्या दिशी मालक घरला यायची येळ झाली की मी चुलीम्होरं बसून देवाला म्हणायचो, आज हिंदुरावाला जिकू दे. दुसरं काय मागावं, त्ये मला सुचायचंच न्हाई."

"हे त्यांना माहीत होतं?"

"त्येला कसं ठाव असणार? त्यो आपला कुस्ती खेळत हुता."

सभा संपत आली होती. लोक श्रद्धांजलीला उभे राहू लागले. मी तिला हात देऊन उठवलं.

"आणि हरले की, बाळाक्का?" मी हळू विचारलं.

तिनं पाठीवरून पदर सारखा केला.

"लई कमी हरला बिचारा," ती म्हणाली.